‘वंडर बॉय: द ड्रॅगन्स ट्रॅप’ आज कसा खेळावा

१९९०च्या दशकात मुंबईतल्या ज्या घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्या घरांतल्या बहुतेक मुलांनी टोपी घातलेला, दगडी कुऱ्हाडी फेकत आणि फळे गोळा करत धावणारा एक पोरगा पाहिलेला आहे. अनेक खेळ एकत्र भरलेल्या कॅसेटमधला तो खेळ म्हणजे ‘ॲडव्हेंचर आयलंड’. त्याचा उगम मात्र दुसरीकडे आहे. रियुइची निशिझावा यांच्या एस्केप या जपानी कंपनीने १९८६ साली सेगा या कंपनीसाठी ‘वंडर बॉय’ हा आर्केड खेळ, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावरचा खेळ, तयार केला. नावाचे आणि नायकाचे हक्क सेगाकडे होते, खेळाच्या रचनेचे हक्क एस्केपकडे राहिले. म्हणून हडसन सॉफ्ट या दुसऱ्या कंपनीने तीच रचना घेऊन, नायक बदलून, त्याच वर्षी ‘ॲडव्हेंचर आयलंड’ काढला. एस्केपचे नाव पुढे वेस्टोन झाले आणि याच कंपनीने १९८९ साली सेगा मास्टर सिस्टीम या ८ बिटांच्या यंत्रासाठी ‘वंडर बॉय ३: द ड्रॅगन्स ट्रॅप’ बनवला. चुलतभाऊ घराघरांत पोहोचला, पण या मालिकेतला सर्वांत विचारपूर्वक रचलेला खेळ आपल्याकडे जवळजवळ कोणी पाहिलाच नाही, याची खंत वाटते आणि म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

हा खेळ आज हाती घेताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. याचे नवे, सुंदर चित्रांचे रूप उपलब्ध असले, तरी त्याच्या आतली सगळी गणिते १९८९ची आहेत. उडीची लांबी, तलवारीचा पल्ला, शत्रूच्या हालचाली आणि दुकानातले भाव हे सर्व जुन्या यंत्राच्या मर्यादांतून जन्मलेले आहे. ती गणिते समजून घेतली तर खेळ फार उदार वाटतो. न समजता आजच्या खेळांच्या सवयीने पुढे धावत सुटल्यास तो विनाकारण कठोर वाटू लागतो.

कोणती प्रत घ्यावी

या मालिकेतल्या नावांचा गोंधळ आधी निस्तरायला हवा. ‘वंडर बॉय ३’ या नावाने दोन वेगळे खेळ आहेत. १९८८चा ‘मॉन्स्टर लेअर’ हा आर्केड खेळ धावत आणि उडत गोळीबार करण्याचा आहे, तर १९८९चा ‘द ड्रॅगन्स ट्रॅप’ हा साहसाचा आणि शोधाचा. आपल्याला दुसरा हवा आहे. सेगाच्या गेम गिअर या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचे त्याचेच जपानी रूप १९९२ साली ‘मॉन्स्टर वर्ल्ड २’ या नावाने निघाले. पीसी इंजिन या यंत्रासाठी हडसनने १९९१ साली जपानात तो चक्क ‘ॲडव्हेंचर आयलंड’ या नावाने विकला आणि अमेरिकेत त्याला ‘ड्रॅगन्स कर्स’ म्हटले. ब्राझीलमध्ये टेकटॉयने तिथल्या लोकप्रिय चित्रकथेतली मोनिका नायिका म्हणून घालून तोच खेळ १९९३ साली बाजारात आणला. त्यामुळे जुन्या खेळांच्या याद्या चाळताना एकाच खेळाला चार-पाच नावांनी भेटण्याची तयारी ठेवावी.

आज पहिल्यांदा खेळणाऱ्याने २०१७ची लिझार्डक्यूब या पॅरिसच्या स्टुडिओची आवृत्ती घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ओमार कॉर्नू यांनी मूळ खेळाचा कोड उलगडून त्यातले वर्तन जसेच्या तसे नव्या यंत्रांवर आणले, बेन फिके यांनी प्रत्येक पात्र आणि पार्श्वभूमी हाताने रेखाटली आणि मूळ रचनाकार निशिझावा यांचे सहकार्य या कामाला लाभले. कॉर्नू हे मास्टर सिस्टीमचे ‘मेका’ नावाचे एम्युलेटर, म्हणजे संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहिणारे गृहस्थ आहेत. म्हणजे या जुन्या यंत्राची नस त्यांना पूर्वीपासून ठाऊक होती आणि ते खेळताना जाणवते. ही आवृत्ती एप्रिल २०१७मध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर, जून २०१७मध्ये संगणकावर आणि २०१९ साली मोबाइलवर आली. साधा, जुना लॅपटॉपही संगणकावरच्या प्रतीसाठी बहुतेक वेळा पुरतो. स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानांत अधूनमधून सवलत लागते; घाई नसेल तर इच्छायादीत टाकून वाट पाहावी.

मोबाइलवर खेळायचे असल्यास एक ब्लूटूथ कंट्रोलर, म्हणजे आपण लहानपणापासून ज्याला रिमोट म्हणत आलो ती वस्तू, अवश्य जोडावा. काचेवरच्या बटणांनी सुरुवातीचा भाग निघून जातो, परंतु पुढे छताला चिकटून चालणे किंवा पाण्यावरून उडत जाणे अशा ठिकाणी बोट नेमके कुठे आहे हे नजर खाली न वळवता कळावे लागते. विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर अर्ध्या-पाऊण तासात एखादी दिशा धुंडाळून होते. उभ्याने मात्र हा खेळ खेळू नये, कारण मधूनच एक हात दांडीला धरायला लागला की नायक शत्रूंच्या तोंडी जातो.

सुरू करण्यापूर्वीची मांडामांड

टीव्हीवर खेळणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करावा. हल्लीचे टीव्ही चित्र सुधारण्याच्या नादात बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत लक्षात येण्याजोगा विलंब करतात. या खेळात नायकाच्या तलवारीचा पल्ला इतका तोकडा आहे की, तेवढ्या विलंबानेही मार बसतो.

त्यानंतर चित्र आणि आवाज. लिझार्डक्यूबच्या आवृत्तीत खेळ चालू असतानाच एका बटणाने नवी चित्रे आणि १९८९ची चित्रे यांत अदलाबदल करता येते. आवाजाची अदलाबदल याहून वेगळी आहे, त्यामुळे नव्या चित्रांवर जुने संगीत किंवा याच्या उलटही ठेवता येते. मूळ संगीत शिनइची साकामोतो यांचे आहे. नव्या आवृत्तीत तेच सूर खऱ्या वाद्यांवर वाजवलेले ऐकू येतात. माझी शिफारस अशी की चित्रे नवी ठेवावीत, पण एखादी उडी वारंवार हुकू लागली किंवा मार कुठून बसतो हे कळेनासे झाले, तर लगेच जुन्या चित्रावर जावे. नव्या चित्रांत शेपट्या, केस, पानांच्या झालरी अशी पुष्कळ शोभा आहे आणि ती शोभा म्हणजे टक्कर होण्याची हद्द नव्हे. जुन्या चित्रात चौकटी ठळक दिसतात, काठ कुठे संपतो ते स्पष्ट कळते आणि अंतराचा अंदाज दोन-तीन प्रयत्नांत बसतो. मग पुन्हा नव्या चित्रावर यावे. ही सोय केवळ आठवणींसाठी दिलेली नाही. शिकण्याचे याहून चांगले साधन या खेळात दुसरे नाही.

काठिण्यपातळी मध्यम ठेवावी. सोपी पातळी घेतल्यास पैसा जपून वापरण्याची गरज कमी होते आणि दुकानांचा अर्धा विचार वाया जातो. एक वही आणि पेन्सिल जवळ असू द्यावी. तिचे काम पुढे येते.

ज्यांना जुन्या यंत्रावरच खेळायचे आहे त्यांच्यासाठी

शॉ वॉलेस समूहाने १९९०च्या दशकाच्या मध्यात सेगाची यंत्रे भारतात विकली होती, त्यामुळे ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड किंवा चोर बाजार इथे अधूनमधून एखादे सेगाचे यंत्र दृष्टीस पडू शकते. त्यावर भरवसा मात्र ठेवू नये. पहिल्या पिढीचे मेगा ड्राइव्ह, म्हणजे मास्टर सिस्टीमनंतरचे सेगाचे यंत्र, मिळाले तर सेगाचा पॉवर बेस कन्व्हर्टर लावून त्यावर मास्टर सिस्टीमच्या कॅसेट चालवता येतात. परदेशातून यंत्र मागवताना अडॅप्टरकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. जपान आणि अमेरिकेतले अडॅप्टर अनुक्रमे १०० आणि १२० व्होल्टचे असतात. ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावल्यास जळतात. स्थानिक अडॅप्टर घेताना यंत्राच्या तळाशी छापलेली व्होल्टची संख्या आणि पिनच्या आतला भाग ऋण आहे की धन, हे दोन्ही जुळवून मगच वीज द्यावी. सेगाच्या या जुन्या यंत्रांत आतला भाग ऋण असतो, तर आज बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य अडॅप्टरांत तो धन असतो.

मुंबईची दमट, खारी हवा कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांना मानवत नाही. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारण्याची आपली जुनी सवय सोडून द्यावी, कारण तोंडातली वाफ त्या पट्ट्या आणखी गंजवते. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवून पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात, पूर्ण सुकू द्याव्यात आणि पावसाळ्यात कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवावी. या कॅसेटची एक चांगली बाब अशी की प्रगती साठवण्यासाठी तिच्यात बॅटरी नाही. देवळातला पुजारी १४ अक्षरांचा एक सांकेतिक शब्द देतो आणि तो वहीत उतरवून घ्यायचा असतो. म्हणूनच इतक्या वर्षांनी सापडलेली कॅसेटही पूर्ण खेळता येते, आणि लिझार्डक्यूबच्या आवृत्तीत तुमचा जुना सांकेतिक शब्दही चालतो. शून्य आणि ओ, पाच आणि एस यांत घोळ होऊ नये म्हणून अंकांखाली रेघ मारून ठेवावी. मूळ कंपनी वेस्टोनच्या नावावर बेतलेला एक प्रसिद्ध शब्द सर्व साहित्य आयते हाती देतो. पहिल्या खेळीत तो वापरल्यास खेळण्यासारखे काही उरत नाही.

आणखी एक तांत्रिक मुद्दा. युरोपीय यंत्रे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलतात आणि जपानी-अमेरिकी ६० वेळा. हा खेळ ६०च्या वेगाला धरून रचलेला असल्यामुळे ५०वर तो सुमारे एक षष्ठांशाने मंदावतो आणि संगीतही रेंगाळते. यंत्र निवडताना याचा विचार करावा.

पहिला किल्ला

खेळाची सुरुवात आधीच्या, म्हणजे १९८७च्या ‘वंडर बॉय इन मॉन्स्टर लँड’च्या शेवटापासून होते. नायक उत्तम चिलखत, उत्तम तलवार आणि भरपूर हृदये (म्हणजे जीवनशक्ती) घेऊन यांत्रिक ड्रॅगनच्या किल्ल्यात शिरतो. इथे हरणे अवघड आहे आणि नेमके म्हणूनच घाई करू नये. नायक थांबताना किंचित घसरतो, मार बसला की मागे फेकला जातो, आणि उडीच्या वेळचा वेग उडीची लांबी ठरवतो. या तीन गोष्टी हाताला कळेपर्यंत सुरुवातीच्या दालनांत फिरत राहावे. ड्रॅगनला फक्त डोक्यावर मारलेला घाव लागतो आणि हा नियम पुढच्या प्रत्येक ड्रॅगनला लागू आहे. ड्रॅगन मरतो तेव्हा त्याच्यातून एक निळी ज्योत निघून नायकाला गाठते आणि त्याचा सरडामानव होतो. कमावलेले सारे बळ त्या क्षणी जाते. ही जखम झाल्यावरच खरा खेळ सुरू होतो.

गाव, वही आणि न दिसणारी दारे

शाप लागल्यावर तुम्ही एका गावात येता आणि सगळ्या वाटा तिथूनच फुटतात. कुठे जायचे ते खेळ कधीही सांगत नाही. यासाठीच ती वही. गाव पानाच्या मध्यभागी काढावे आणि प्रत्येक दिशेला वेगळे पान द्यावे. जिथे अडलात तिथे अडण्याचे कारण लिहावे: चौकटीदार भिंत दिसली, पाण्याखाली वाट जाते, उंचावर हाती न लागणारे दार आहे, पायाखाली फुटण्याजोगे दगड आहेत. पुढे एकेक ड्रॅगन हरवला की नायकाला नवा देह मिळतो आणि प्रत्येक अडचण ही अशा कोणत्या तरी देहासाठी राखून ठेवलेली असते. नवा देह मिळाला की वहीतली त्या प्रकारची सगळी ठिकाणे एका फेरीत फिरून यावीत. मार्गदर्शक चित्रफीत लावून खेळणारे या आनंदाला पूर्णपणे मुकतात, असे मला मनापासून वाटते.

काही दारे डोळ्यांना दिसतच नाहीत. वाट अचानक संपते, एखादा चौथरा उगाच रिकामा वाटतो किंवा नाणी काही कारण नसताना एका जागी मांडलेली असतात, अशा जागी उभे राहून वरचे बटण दाबावे. दार असेल तर उघडते. अशा दारांआड धन, औषधे आणि दुकाने असतात. मात्र प्रत्येक पावलावर वर दाबत चालू नये; त्याने खेळ कंटाळवाणा होतो आणि रचनाकाराने ठेवलेल्या खुणा वाचायची सवय लागत नाही.

पाच देह

सरडामानवाला ढाल वापरता येत नाही, पण तो तोंडातून आग फेकतो. त्यामुळे अंतर राखून लढणे ही पहिली सवय इथे लागते. वाळवंट ओलांडून पिरॅमिडमधल्या ममी ड्रॅगनपर्यंत जाताना उडणाऱ्या शत्रूंना जवळ येऊ देऊ नये. ढाल नसल्यामुळे मिळालेला पहिला पैसा चिलखतावर घालावा.

ममी ड्रॅगन हरला की उंदीरमानव होतो. माझ्या मते खेळातला सर्वांत बुद्धिमान देह हाच. तो अरुंद फटींतून जातो आणि चौकटीदार ठोकळ्यांवरून भिंतीवर, छतावर, कुठेही चालतो. उडी मारली की पकड सुटते, म्हणून छतावरून चालताना उडीच्या बटणावरचा अंगठा बाजूला ठेवावा. त्याची तलवार इतकी आखूड आहे की शत्रूच्या जवळजवळ अंगावर जावे लागते. अशा वेळी शत्रूला पुढे येऊ द्यावे, ढालीवर त्याचा मारा झेलावा आणि तो वळताच घाव घालावा. बरेच जण इथे खेळ सोडून देतात, कारण सरड्याच्या आगीची सवय झालेली असते. दोन पावले मागे सरून वाट पाहण्याची सवय जडली की हा भाग अतिशय देखणा वाटू लागतो. चांगल्या तलवारीपेक्षा चांगली ढाल आधी घ्यावी.

झोंबी ड्रॅगननंतर मिळणारा पिरान्हामानव पाण्यात मोकळेपणाने पोहतो. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. वहीतल्या पाण्याच्या सर्व जागा तपासून चाचा (समुद्री लुटारू) ड्रॅगनकडे जावे.

चाचा ड्रॅगन मारल्यावर सिंहमानव होतो. त्याची तलवार वरून खाली मोठा अर्धवर्तुळाकार घाव घालते, त्यामुळे डोक्यावरचे आणि पायाखालचे दगडही फुटतात. बळ वाढल्याने माणूस निष्काळजी होतो आणि इथेच सर्वाधिक हृदये जातात. घाव मोठा असला तरी तो पूर्ण व्हायला क्षण लागतो. शत्रू आवाक्यात येण्याच्या किंचित आधी तलवार उचलावी. जपानी धाटणीच्या किल्ल्यात सामुराईच्या वेशातला ड्रॅगन आहे. त्याला मारल्यावर पाचवा देह मिळतो.

ससाणामानव उडीचे बटण पुन्हा पुन्हा दाबून उडतो आणि आजवर वरून खुणावणारी सगळी दारे एकदम उघडी होतात. पाण्याचा स्पर्श मात्र त्याला इजा करतो. उडताना खाली पाणी असेल तर बटण घाईघाईने दाबण्यापेक्षा एका लयीत दाबावे, म्हणजे उंची टिकते. गुहेत कमी उंचीच्या छताखाली थोडेथोडेच वर जावे. शेवटचा रक्तपिपासू ड्रॅगन याच देहात गाठायचा असतो आणि शाप उतरवणारा सॅलमँडर क्रॉस त्याच्याकडे आहे.

पुढे काही खोल्यांत मिळवलेले देह हवे तसे बदलता येतात. ती सोय हाती आली की शेवटच्या लढाईकडे धाव घेण्याआधी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळावी.

दुकानदार, दवाखाना आणि पैसा

दुकानदार हा डोळ्यावर पट्टी बांधलेला, तोंडात विडी धरलेला एक डुक्कर आहे. त्याच्याकडचा काही माल आधी दिसत नाही, कारण हल्ला आणि बचाव यांच्यासोबत ‘मोहकता’ नावाचा तिसरा अंकही नायकाला असतो आणि तो पुरेसा नसेल तर चांगल्या वस्तू तो विकत नाही. मोहकतेचा अंक अंगावरच्या साहित्यावर आणि देहावर अवलंबून असतो. तेच चिलखत उंदरावर एक अंक देते आणि सिंहावर वेगळा. म्हणून नवा देह मिळताच साहित्याचा पडदा उघडून प्रत्येक वस्तू एकदा घालून पाहावी. बचावाला कमी पण मोहकतेला जास्त असलेले चिलखत विकून टाकण्याचा मोह आवरावा. दुकानात शिरताना ते घालावे, खरेदी उरकावी आणि बाहेर पडताना लढाईचे चिलखत चढवावे.

गावच्या दवाखान्यात परिचारिका पैसे घेऊन सर्व हृदये भरून देते. तेवढी रक्कम बाजूला ठेवूनच बाकीचा खर्च करावा. औषधाची बाटली मिळाली तर ती साठवून ठेवावी, कारण हृदये संपली की ती आपोआप वापरली जाते आणि ड्रॅगनसमोर तिचे मोल सर्वाधिक असते. हरल्यावर तुम्ही गावात परत येता, पण साहित्य आणि पैसा तुमच्याकडेच राहतो. त्यामुळे अपयशी फेरीही कमाईची ठरते. शत्रू पडद्याबाहेर गेले की पुन्हा जिवंत होतात, तेव्हा पैसा कमी पडल्यास गावाजवळच्या दोन-तीन जागी ये-जा करून तो जमवता येतो.

आयुधांमध्ये बूमरँग हाती परत आला की पुन्हा वापरता येतो, म्हणून तो रोजच्या वाटेवर खुशाल वापरावा. बाण वर जातो, त्याचा उपयोग डोक्यावर घिरट्या घालणाऱ्यांसाठी करावा. वीज मोठ्या लढाईसाठी राखावी.

एकदा संपवल्यावर

पहिली खेळी चार ते सहा तासांत संपते. त्यानंतर दुसरी खेळी नायकाऐवजी वंडर गर्ल या नायिकेला घेऊन, जुन्या चित्रांत आणि जुन्या आवाजात सुरू करावी. आता वाटा पाठ असल्यामुळे मूळ यंत्राच्या मोजक्या रंगांत वाळवंटाची संध्याकाळ आणि पाण्याखालचा अंधार किती कमी साधनांत उभा केला आहे, याकडे लक्ष देता येते. याच खेळीत लिझार्डक्यूबने भर घातलेल्या ‘अननोन’ नावाच्या लपलेल्या पातळ्याही शोधाव्यात. मूळ खेळात त्या नव्हत्या आणि एकेका देहाचे कौशल्य त्यांत कसाला लागते, त्यामुळे ज्या देहावर हात बसला नसेल त्याचीच पातळी आधी घ्यावी. त्या आटोपल्यावर हीच देहबदलाची कल्पना पुढे नेणारा २०१८चा ‘मॉन्स्टर बॉय अँड द कर्स्ड किंगडम’ घेता येईल. तो कितीतरी मोठा आहे आणि त्यालाही नवी वही लागेल.